‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मधल्या पात्रांचे स्वभाव: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

यातले बरेचसे प्रश्न चित्रपट आधी पाहून मग टॉल्किनची कादंबरी हातात घेतलेल्या वाचकांचे आहेत. त्यात नवल नाही. पीटर जॅक्सनचे तीन चित्रपट (२००१, २००२, २००३) इतके पाहिले गेलेत की फ्रोडो म्हटलं की पुस्तकातला फ्रोडो डोळ्यांपुढे येतच नाही. इथली उत्तरं पुस्तकाला धरून आहेत. चित्रपटात वेगळं असेल तिथे तसं सांगितलं आहे. शेवटापर्यंतचं सगळं कथानक उघड केलेलं आहे, तेव्हा कादंबरी अर्धी राहिली असेल तर आधी ती संपवा.

१. मुख्य पात्रं नेमकी कोणती? नावांतच गोंधळ उडतो.

साउरॉन या दुष्ट सत्ताधीशाची अंगठी त्याच्याच मॉर्डॉर देशातल्या ज्वालामुखीत नष्ट करायला रिव्हेंडेल या एल्फांच्या वस्तीतून नऊ जण निघतात: फ्रोडो, सॅम, मेरी आणि पिपिन हे चार हॉबिट (शायर या शांत मुलखातले बुटके लोक), अरागॉर्न आणि बोरोमीर ही दोन माणसं, लेगोलास हा एल्फ, गिम्ली हा ड्वार्फ आणि गँडाल्फ हा जादूगार. दहावा गॉलम, अंगठीचा जुना मालक. तो कुणाच्या गटात नाही, पण त्याच्याशिवाय गोष्ट तडीला जात नाही. पुढे बोरोमीरचा भाऊ फारामीर, त्या दोघांचे वडील आणि गोंडोर राज्याचे कारभारी डेनेथॉर, शेजारच्या राज्यातली लढवय्यी एओविन, फितूर झालेला जादूगार सारुमान ही मंडळी येतात. ज्याच्या भीतीनं सगळं घडतं तो साउरॉन मात्र प्रत्यक्ष कधी समोर येत नाही, म्हणून त्याच्या स्वभावावर इथे प्रश्नच नाही.

आणि हो, मेरी हा पुरुष आहे. पूर्ण नाव मेरिअडॉक. हा प्रश्न वाटतो त्यापेक्षा जास्त वेळा येतो.

२. इतक्या पात्रांत कोण कसा आहे हे ओळखायची काही सोपी खूण?

अंगठी समोर आली की तो काय करतो ते पाहा. टॉल्किननं जवळपास प्रत्येक मोठ्या पात्राला या परीक्षेला बसवलं आहे. गंमत अशी की अंगठी माणसाचा दुर्गुण शोधत बसत नाही. त्याच्यातलं जे सर्वांत चांगलं, त्यालाच ती हात घालते. गँडाल्फला ती दुबळ्यांविषयीच्या कणवेतून खेचते, बोरोमीरला देशप्रेमातून आणि सॅमला चक्क बागकामातून. हावरट माणसाला भुलवणं सोपंच असतं, त्यावर कुणी हजार पानं लिहीत नाही. पुढची बरीच उत्तरं या एका गोष्टीवर उभी आहेत.

३. फ्रोडोचं वय किती? पडद्यावर तर कोवळा पोरगा दिसतो.

शायर सोडतो तेव्हा तो ५० वर्षांचा आहे. हॉबिट ३३व्या वर्षी सज्ञान होतो. कादंबरीच्या सुरुवातीची ती प्रचंड मेजवानी म्हणजे फ्रोडोला सांभाळणाऱ्या, त्याच्याआधी अंगठी बाळगणाऱ्या बिल्बोचा १११वा आणि फ्रोडोचा ३३वा वाढदिवस. तिथून प्रवासाला निघेपर्यंत १७ वर्षं जातात. चित्रपटात हा काळ जाणवतही नाही.

स्वभाव समजायला हा फरक मोठा आहे. पुस्तकातला फ्रोडो अविवाहित, वाचणारा, एकटाच दूरवर भटकणारा, एल्फांची भाषा थोडीफार जाणणारा पोक्त गृहस्थ आहे. आपण काय सोडून चाललो आहोत हे त्याला पक्कं ठाऊक आहे. त्या वेळी सॅम ३८, मेरी ३६ आणि पिपिन अवघा २८ वर्षांचा, म्हणजे हॉबिटांच्या हिशेबानं अल्पवयीन. त्याच्या पोरकटपणावर चिडण्याआधी हे लक्षात घ्यावं. अरागॉर्न ८७ वर्षांचा आहे, पण त्याच्या वंशात आयुष्य लांबच असतं.

४. फ्रोडो शेवटी हरतोच ना? मग नायक कसला?

हरतो, आणि टॉल्किननं ते झाकलेलं नाही. ज्वालामुखीच्या कड्यावर उभं राहून फ्रोडो अंगठी फेकायला नकार देतो, ती आपली म्हणतो आणि बोटात घालतो. गॉलम त्याचं बोट चावून तोडतो, आनंदानं नाचताना तोल जाऊन खाली पडतो आणि अंगठी नष्ट होते. फ्रोडोच्या हातून ती नष्ट झालेली नाही.

वाचकांनी टॉल्किनलाही याबद्दल पत्रांतून विचारलं होतं. त्याच्या उत्तराचा आशय असा: त्या जागी, इतकं सोसल्यावर, अंगठीला कुणीच नकार देऊ शकलं नसतं. ती तिथवर नेणं एवढंच फ्रोडोच्या आवाक्यात होतं आणि ते त्यानं शेवटच्या ताकदीनिशी केलं.

पण मला त्याचं नायकपण आधीच्या एका गोष्टीत दिसतं. सुरुवातीला, शायरमध्ये उबेत बसून, हाच फ्रोडो म्हणतो की बिल्बोनं संधी होती तेव्हाच गॉलमला मारायला हवं होतं. पुढे तोच गॉलम हाती सापडतो तेव्हा त्याला मारणं त्याला जमत नाही, कारण तोवर अंगठीचं ओझं काय असतं हे त्याला स्वतःच्या गळ्याशी कळलेलं असतं. त्या दिवशी गॉलम वाचला म्हणून शेवटी जग वाचलं. फ्रोडो दया शिकत जातो. शायरमध्ये परतल्यावरच्या लढाईत तो तलवारही उपसत नाही, आपल्यावर सुरी चालवणाऱ्या सारुमानलाही मारू देत नाही.

आणि तो बरा होत नाही. वेदरटॉप टेकडीवर शत्रूच्या सुरीनं झालेली जखम दर वर्षी ६ ऑक्टोबरला उसळते. शायरमध्ये त्याला फारसा मान मिळत नाही, याचं दुःख त्याच्यापेक्षा सॅमलाच जास्त. शेवटी तो जहाजात बसून निघून जातो. जिंकलेल्या नायकाची ही वाटचाल नव्हे.

५. खरा नायक सॅमच, असं सगळे म्हणतात. तुमचं मत?

सॅम नसता तर फ्रोडो मॉर्डॉरच्या वेशीवरच संपला असता, यात वाद नाही. पहिल्या महायुद्धात टॉल्किन १९१६ साली सोमच्या आघाडीवर होता. तिथे अधिकाऱ्यांच्या हाताखाली असलेले साधे शिपाई आपल्यापेक्षा कितीतरी सरस होते आणि सॅम त्यांच्यावरून घडला, असं तो म्हणाल्याची नोंद त्याच्या चरित्रात आहे. म्हणून सॅमची निष्ठा पुस्तकी वाटत नाही. दोर बरोबर घेतला नाही म्हणून हळहळणारा, स्वयंपाकाची भांडी मॉर्डॉरपर्यंत वाहणारा आणि ती टाकून द्यायची वेळ आल्यावर डोळ्यांत पाणी आणणारा हा माणूस आहे.

अंगठी त्याच्याकडे काही काळच असते. तेवढ्यात ती त्याला दाखवते की तो महाबली सॅमवाईज होऊन मॉर्डॉरचं उजाड पठार फुलवतो आहे. सॅम वाचतो तो दोन गोष्टींमुळे. एक फ्रोडोवरचा जीव आणि दुसरी अस्सल हॉबिटी अक्कल: स्वतःच्या हातानं राखता येईल एवढी बाग आपल्याला पुरे, राज्याएवढी झालेली बाग घेऊन करायचं काय!

पण सॅमची भक्ती करणाऱ्यांना एक प्रसंग नकोसा होतो. तो पुढच्या उत्तरात आहे.

६. गॉलम आणि स्मीगल ही एकाच शरीरातली दोन व्यक्तिमत्त्वं आहेत का? एक चांगलं, एक वाईट?

दोन आवाज आहेत, पण चांगला-वाईट अशी स्वच्छ वाटणी चित्रपटाची. पुस्तकात दोघांनाही अंगठीच हवी आहे. फरक इतकाच की स्मीगलला फ्रोडोला दिलेला शब्द मोडायचा नाही, म्हणून तो शब्दातून पळवाट शोधतो. अंगठी पहिल्यांदा दिसली त्याच दिवशी स्मीगलनं ती आपली वाढदिवसाची भेट म्हणून मागितली आणि मिळेना तेव्हा डेआगोल या मित्राचा गळा दाबला. त्या वेळी ‘गॉलम’ जन्मालाही आला नव्हता. ते नाव घशातल्या आवाजावरून नंतर पडलं. मग सुमारे ५०० वर्षं अंधारात ती अंगठी आणि तो.

तरीही तो पुरता संपलेला नसतो. किरिथ उंगोल खिंडीच्या पायऱ्यांवर फ्रोडो आणि सॅम झोपलेले असताना गॉलम परत येतो, त्यांच्याकडे बघत राहतो आणि थरथरत्या हातानं फ्रोडोच्या गुडघ्याला स्पर्श करतो. त्या क्षणी तो फक्त एक थकलेला म्हातारा हॉबिट दिसतो. तेवढ्यात सॅमला जाग येते. तो खेकसतो, ‘चोरटेपणा’ केल्याचा आरोप करतो, आणि तो क्षण जातो तो जातोच. सॅमचं काही फार चुकलं असंही नाही, कारण गॉलम त्यांना आधीच जाळं विणणाऱ्या राक्षसी कोळिणीच्या दारात नेऊन सोडायचा बेत करून आला होता. पण ज्या निष्ठेमुळे सॅम थोर ठरतो तीच त्याला इथे आंधळा करते. स्वतः टॉल्किनला हा प्रसंग कादंबरीतल्या अत्यंत शोकात्म प्रसंगांपैकी वाटे. हजार पानांतलं माझंही हेच सर्वांत जड पान.

(चित्रपटात फ्रोडो गॉलमचं ऐकून सॅमला परत पाठवतो. पुस्तकात असं घडत नाही आणि पुस्तकातल्या फ्रोडोच्या स्वभावात ते बसतही नाही.)

७. ‘हॉबिट’च्या जुन्या आवृत्तीत गॉलम सभ्यपणे वागतो म्हणे. खरं आहे का?

खरं आहे. ‘हॉबिट’ ही टॉल्किनची या कादंबरीआधीची गोष्ट. तिच्या १९३७च्या पहिल्या आवृत्तीत कोड्यांची पैज हरल्यावर गॉलम बिल्बोला अंगठी भेट द्यायला निघतो, ती सापडत नाही म्हणून माफी मागतो आणि बदल्यात बाहेरची वाट दाखवतो. पुढे अंगठीचं महत्त्व वाढल्यावर हा उदार गॉलम जमेना, म्हणून टॉल्किननं ते प्रकरण बदललं आणि १९५१च्या आवृत्तीत आजचा गॉलम आला.

यातली चलाखी पाहण्यासारखी आहे. जुनी हकिगत त्यानं वाया जाऊ दिली नाही. बिल्बोनं सुरुवातीला इतरांना सांगितलेली थाप, असं तिचं रूपांतर केलं. एरवी प्रामाणिक असलेला बिल्बो अंगठीवरचा हक्क सिद्ध करायला खोटं बोलला, इथेच गँडाल्फला पहिला संशय येतो.

८. गँडाल्फ एवढा समर्थ, मग अंगठी स्वतः का घेत नाही? घाबरतो का?

हो, घाबरतो. फ्रोडो ती देऊ करतो तेव्हा तो जवळजवळ ओरडतो. कारण प्र. २मध्ये आलंच आहे: भलं करण्याची ताकद हवी, या इच्छेतूनच ती त्याला गिळेल. स्वतःला इतकं ओळखणं, हा त्याचा सर्वांत मोठा गुण.

एरवी त्याला संत समजू नका. तो तापट आहे, टोमणे मारतो आणि पिपिनला तर ऊठसूट झापतो. मोरिया या ड्वार्फांच्या जुन्या खाणनगरीत कोसळून ‘परत’ आल्यावर तो पांढरा गँडाल्फ होतो, अधिक शांत आणि अधिक अधिकारी, पण जीभ तशीच राहते.

गरुडांवर बसून थेट का गेले नाहीत, हा प्रश्न स्वभावाचा नाही. पाठवू नये.

९. अरागॉर्नला राजा व्हायचंच नसतं ना?

हा चित्रपटातला अरागॉर्न. पुस्तकातला सुरुवातीपासून पूर्वज राजा एलेन्डिलची तुटलेली तलवार कमरेला बाळगतो, रिव्हेंडेलमध्ये ती पुन्हा घडवून घेतो आणि निघतो तोच गोंडोरच्या दिशेनं. शेजारच्या रोहानचा राजा थेओडेन याच्या दाराशी शस्त्रं खाली ठेवायला सांगतात तेव्हा तो चक्क हुज्जत घालतो: एलेन्डिलच्या वारसानं दुसऱ्याच्या मर्जीनं तलवार का ठेवावी? हा विनय नव्हे.

त्याला शंका येते ती हक्काची नाही, निर्णयाची. गँडाल्फ गेल्यावर वाट दाखवायची जबाबदारी अंगावर पडते आणि बोरोमीर मरतो तेव्हा तो सगळा दोष स्वतःकडे घेतो. राजा म्हणून त्याला लोक ओळखतात ते मात्र तलवारीमुळे नाही. युद्धानंतर तो जखमींच्या उशाशी जाऊन त्यांना बरं करतो, तिथून ती बातमी शहरभर होते.

१०. बोरोमीर खलनायक आहे का?

नाही. चाळिशीचा, धिप्पाड, साउरॉनच्या अगदी शेजारी राहून वर्षानुवर्षं लढलेला सेनापती आहे. बर्फात अडकलेल्या हॉबिटांना तो अंगाखांद्यावर वाहून बाहेर काढतो. त्याचं म्हणणंही लष्करी दृष्टीनं मूर्खपणाचं नाही: हाती आलेलं शस्त्र वापरायचं सोडून शत्रूच्या घरात दोन हॉबिटांबरोबर कसलं पाठवता?

त्याच्या स्वभावाची किल्ली फारामीर सांगतो त्या लहानपणच्या आठवणीत आहे. राजा परतला नाही तर कारभाऱ्याचा राजा व्हायला किती शतकं लागतील, असं बोरोमीरनं वडिलांना विचारलं होतं. इतरत्र थोडी वर्षं पुरतील, गोंडोरमध्ये दहा हजारही पुरायची नाहीत, असं उत्तर मिळालं. दुसरं स्थान त्याला कधी पचलं नाही. अंगठीसाठी फ्रोडोवर हात टाकल्यावर काही क्षणांतच तो भानावर येतो, रडतो, मेरी-पिपिनसाठी लढत मरतो आणि मरताना अरागॉर्नपाशी कबुली देतो. जागेवर कबुली देणारी पात्रं या कादंबरीत थोडीच आहेत.

११. मग त्याचा भाऊ फारामीर इतका वेगळा कसा? चित्रपटात तर तोही फ्रोडोला पकडून नेतो.

चित्रपटात नेतो, पुस्तकात सोडतो. सॅमच्या तोंडून चुकून अंगठीचं नाव निघतं तेव्हा फ्रोडो पूर्णपणे फारामीरच्या ताब्यात असतो. तरीही तो म्हणतो की ही वस्तू रस्त्यात पडलेली दिसली तरी मी उचलणार नाही. तलवार त्याला आवडते ती तिच्या धारेसाठी नाही. ती ज्याचं रक्षण करते त्यासाठी.

हे पात्र १९४४मध्ये लिहिताना आपोआप चालत आलं, मला तो नकोही होता, अशा अर्थाचं टॉल्किननं मुलाला कळवलं होतं. पुढे एका पत्रात तो म्हणतो की माझ्यासारखं कुणी असेल तर फारामीरच, फक्त त्याचं धैर्य माझ्यात नाही. फारामीर जरा जास्तच निर्दोष वाटतो, अशी तक्रार येते. मला ती अर्धीमुर्धी पटते.

१२. डेनेथॉर वेडा आहे का?

शेवटी होतो, पण चित्रपटातल्यासारखा सुरुवातीपासून नाही. पुस्तकातला डेनेथॉर करारी आणि विलक्षण बुद्धिमान आहे. समोरच्याच्या मनातलं त्याला वाचता येतं. तो पालान्टीर या दूरचं दाखवणाऱ्या गोळ्यातून पाहत राहतो. साउरॉन त्याला वाकवू शकत नाही, पण त्याला दिसेल तेवढं खरंच निवडून दाखवतो. काळ्या शिडांची गलबतं नदीवरून येताना दिसतात, हे खरं. त्यांवर अरागॉर्न आहे हे दिसत नाही. पूर्ण सत्य आपल्याला माहीत आहे, या समजुतीनंच तो खचतो.

१३. एओविनसारख्या लढवय्यीला शेवटी लग्नात अडकवलं, हे खटकत नाही का?

थोडं खटकतं, कारण तिचा पालट मोजक्या पानांत उरकला आहे. पण ती लढायला का जाते हे नीट वाचा. खुळ्या झालेल्या मामाच्या, थेओडेनच्या, उशाशी वर्षं गेलेली, त्याचा कपटी सल्लागार वर्मटंग याची नजर सतत अंगावर, भाऊ मात्र घोड्यावर मोकळा. तिला भीती वाटते ती पिंजऱ्याची. अरागॉर्न नकार देतो तेव्हा ती पुरुषवेशात निघते ती मरण शोधायला. धैर्य आहेच, पण त्याच्या मुळाशी नैराश्य आहे. नाझ्गूल या साउरॉनच्या काळ्या स्वारांच्या राजाला मारल्यावरही ते संपत नाही.

म्हणून ती ‘आता मी शुश्रूषा करीन, वाढणाऱ्या गोष्टींवर माया करीन’ असं म्हणते तेव्हा जगायचं ठरवते, असं मी वाचतो. शिवाय ज्याच्याशी लग्न करते त्या फारामीरलाही युद्धाचं वेड नाही (प्र. ११), तेव्हा तलवार एकटीनंच खाली ठेवली असं होत नाही.

१४. मेरी आणि पिपिन एकाच साच्यातले ना?

अजिबात नाही. मेरी योजना करणारा: फ्रोडोचं गुपित त्याला कधीचं ठाऊक असतं, त्याच्यासोबत जाण्याचा मित्रांचा कट तोच रचतो, तट्टांची सोय तोच करतो, रिव्हेंडेलमध्ये नकाशे तोच बघतो. पिपिन आधी हात घालतो आणि मग विचार करतो. मोरियाच्या विहिरीत दगड त्यानंच टाकला, पालान्टीरही त्यानंच उचलला. दोघे दोन म्हाताऱ्यांची चाकरी पत्करतात, पण मेरी थेओडेनवरच्या मायेनं आणि पिपिन डेनेथॉरच्या हेटाळणीनं डिवचला जाऊन.

एक गंमत इंग्रजीत दिसत नाही, मराठी वाचकाला चटकन कळेल. परिशिष्टात टॉल्किन सांगतो की शायरच्या बोलीतून आदरार्थी रूपं जवळजवळ गेली होती. म्हणजे पिपिन गोंडोरच्या सर्वसत्ताधीश डेनेथॉरला बिनधास्त अरे-तुरे करतो! नोकर थक्क होतात आणि हा नक्कीच कुणी राजपुत्र असणार, अशी अफवा शहरात पसरते.

१५. लेगोलास आणि गिम्ली यांची मैत्री कशी जुळते?

गॅलाड्रिएल या एल्फांच्या स्वामिनीमुळे. ती ड्वार्फांच्या मोरियाविषयी आपुलकीनं बोलते आणि गिम्लीचा एल्फांवरचा पिढीजात राग विरघळतो. भेट म्हणून तो तिचा एक केस मागतो आणि ती तीन देते. हेल्म्स डीपच्या लढाईत मारलेल्या शत्रूंचा गिम्ली ४२ आणि लेगोलास ४१ हा हिशेब मैत्रीतला आहे. लेगोलास मात्र या नवांत सर्वांत कमी उलगडलेला.

१६. अंगठी स्वतःहून दुसऱ्याला देणारे किती?

जवळ बाळगून मग सोडणारे दोनच: ६० वर्षांनी बिल्बो, तेही गँडाल्फनं दटावल्यावर, आणि सॅम, जो परत देताना क्षणभर घुटमळतो. जंगलात राहणारा गूढ टॉम बॉम्बाडिल ती हातात घेतो, बोटात घालतो, इतरांसारखा अदृश्य होत नाही आणि हसत परत करतो. त्याला काहीच हवं नसल्यानं अंगठीला धरायला जागा सापडत नाही. पण म्हणूनच ती त्याच्याकडे ठेवताही येत नाही. तो कुठेतरी टाकून विसरून जाईल.

गँडाल्फ अंगठीला हातच लावत नाही, असं बरेच जण ठासून सांगतात. पुस्तकात फ्रोडो ती त्याच्या हातात देतो, तो ती वर धरून बघतो आणि मगच खूण पटवायला विस्तवात टाकतो.

१७. शेवटपर्यंत बदलत नाही असं एखादं पात्र? लोबेलिया धरायची का?

लोबेलियाला धरू नका. सुरुवातीला ती बिल्बोचे चांदीचे चमचे लांबवणारी, त्याच्या घरावर डोळा ठेवून बसलेली भांडकुदळ नातेवाईक आहे. पण सारुमानचे गुंड शायरमध्ये शिरतात तेव्हा शंभरी ओलांडलेली ही बाई छत्री घेऊन एकावर धावून जाते आणि तुरुंगात पडते. सुटून काठी टेकत बाहेर येते तेव्हा लोक टाळ्या वाजवतात, आणि तिला रडू येतं, कारण तोवर ती कुणालाच आवडलेली नव्हती. मुलगा मारला गेल्याचं कळल्यावर ती घर फ्रोडोला परत देते, आणि पुढच्या वसंतात मरते तेव्हा तिचा उरलेला पैसा बेघर झालेल्या हॉबिटांसाठी ठेवलेला निघतो.

न बदलणारा हवा असेल तर सारुमान घ्या. त्याला दया दाखवली जाते, एकदा नव्हे, अनेकदा, आणि प्रत्येक वेळी ती त्याला अपमान वाटते.